किती वेळ थांबायचं?

वेबची मूळ चाल खिडकीवरच्या कारभारासारखी आहे. ब्राउझरने मागायचं, सर्व्हरने द्यायचं, की लगेच पुढचा नंबर. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीची सगळी शिस्त यावर उभी आहे आणि बातमी वाचायला, अर्ज भरायला, तिकीट काढायला ती उत्तम चालते. गप्पांना मात्र ती पुरत नाही. गप्पांत कुणीतरी बोलेल म्हणून बाकीचे थांबलेले असतात, आणि ते बोलणं दोन सेकंदांनी येईल की दोन तासांनी, हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून सर्व्हरवर चॅट बसवायला घेतलं की फिरून फिरून एकाच प्रश्नाशी यावं लागतं: किती वेळ थांबायचं?

छोट्या छोट्या गटांसाठी असे चॅट सर्व्हर मी बसवून देते. मला हे काम मनापासून आवडतं. कॉन्फिग फाइल उघडली की आधी डोळ्यांत भरतात ती पोर्ट (सर्व्हरची क्रमांक दिलेली दारं), पत्ते आणि पासवर्ड. ते भरणं सोपं असतं, कारण चुकलं तर चॅट सुरूच होत नाही. अवघड असतात त्या मुदती. साठ सेकंद, सात दिवस, अठ्ठावीस दिवस, नव्वद दिवस, कायम. यांतली प्रत्येक मुदत कुणीतरी आधीच भरून ठेवलेली असते आणि तिला हात न लावता चॅट झकास चालतं. पण ती मुदत माणसांबद्दल काहीतरी ठरवत असते: कोण हजर मानायचा, कुणाचं बोलणं किती टिकायचं, कुणाला कधी विसरायचं. हे ज्यांच्याबद्दल ठरतंय त्यांना विचारून ठरावं, असं माझं ठाम मत आहे.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं यावर लोक तासन् तास वाद घालतात. मी त्यात फार रमत नाही. टीम, विभाग अशी रचना असेल तर मॅटरमोस्ट. ते ८०६५ पोर्टवर ऐकतं, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस लागतो, बस्स. एका वेळी दहा विषय चालणाऱ्या पण सगळे एका वेळी हजर नसणाऱ्या गटाला झुलिपसारखं दुसरं काही नाही, कारण तिथे बोलणं विषयवार लावलेलं राहतं. मात्र त्याच्याबरोबर पोस्टग्रेस, रेडिस, रॅबिटएमक्यू, मेमकॅश्ड असा मदतनीस प्रोग्रामांचा सगळा परिवार सांभाळायला येतो. रॉकेट.चॅटला मोंगोडीबी हा डेटाबेस लागतो, आणि तो एकटा असला तरी रेप्लिका सेट (एकमेकांच्या प्रती ठेवणारा संच) म्हणूनच चालवावा लागतो. आयआरसी या जुन्या चॅट-पद्धतीच्या खोल्या ब्राउझरमधून वापरायच्या असतील तर द लाउंज. आणि सर्व्हर आपला हवा, पण दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसांशीही बोलता यायला हवं, असं असेल तर मेट्रिक्स: मागे सिनॅप्स, पुढे ब्राउझरमध्ये एलिमेंट.

यांतलं काहीही घेतलं तरी मांडणी सारखीच. अ‍ॅप्लिकेशन स्वतःच्या पोर्टवर फक्त आतल्या पत्त्यावर ऐकतं. बाहेर, ४४३ या पोर्टवर, एनजिनएक्स हा द्वारपाल सर्व्हर उभा असतो. येणारं सगळं आधी त्याच्याकडे येतं. मागे डेटाबेस. अ‍ॅप्लिकेशनला वेगळा, बिनअधिकाराचा युजर द्यायचा, सर्वाधिकारी रूट युजरखाली चालवायचं नाही. आणि ते पडलं तर पुन्हा उठवायचं काम लिनक्सच्या सिस्टमडी या देखरेख करणाऱ्या प्रोग्रामवर सोपवायचं. इथवरचं काम कुठल्याही नीट लिहिलेल्या डॉक्युमेंटेशनवरून होतं.

खरी गंमत सुरू होते ती वेबसॉकेटपासून, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या उघड्या राहणाऱ्या कनेक्शनापासून. डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ या नावाने त्याचं प्रमाण ठरलं. त्याआधी लोक नाना युक्त्या करून खिडकीवरच ताटकळत उभे राहायचे. वेबसॉकेटचा हस्तांदोलनाचा प्रकार मला फार देखणा वाटतो. ब्राउझर साधी गेट विनंतीच पाठवतो, पण सोबत म्हणतो की हे कनेक्शन मला बदलून हवंय, आणि सोळा बाइटांची एक यादृच्छिक किल्ली जोडतो. सर्व्हर त्या किल्लीला एक ठरलेली, प्रमाणातच छापलेली छत्तीस अक्षरांची ओळ चिकटवतो, त्याचा शा-१ (एक गणिती ठसा) काढतो आणि बेस६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत लिहून, परत पाठवतो. यात गुपित काहीच नाही. समोरच्याला वेबसॉकेट खरोखर कळतं, तो नुसताच मान डोलावत नाहीये, एवढीच खात्री यातून होते. मग सर्व्हरचं उत्तर येतं: १०१, प्रोटोकॉल बदलला. त्या क्षणापासून एचटीटीपी संपतं आणि दोन्ही बाजू केव्हाही बोलायला मोकळ्या होतात.

आता मध्ये एनजिनएक्स आहे. विनंतीतले 'अपग्रेड' आणि 'कनेक्शन' हे दोन हेडर नियमानुसार फक्त एका टप्प्यापुरते असतात, त्यामुळे तो ते पुढे देत नाही. ते द्यावेत असं त्याला दोन ओळींत स्पष्ट सांगावं लागतं, आणि मागच्या बाजूला एचटीटीपी १.१ वापर, असंही. या ओळी राहून गेल्या की मोठं फसवं चित्र दिसतं. पान उघडतं, लॉगिन होतं, जुने संदेश दिसतात, आपण लिहिलेलं जातंही. फक्त दुसऱ्याचं काही येत नाही. रिफ्रेश केलं की सगळं एकदम येतं. ज्याने हे एकदा पाहिलंय तो पुढच्या वेळी ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून थेट १०१ शोधतो. तो दिसला नाही, तर दुसरीकडे कुठे बघायची गरजच नसते.

१०१ दिसला तरी एक गाठ उरते. एका गटातून माझ्याकडे आलेली तक्रार मला अजून आठवते: 'आम्ही बोलत असतो तेव्हा सगळं ठीक असतं, गप्प बसलो की तुटतं.' इतक्या नेमक्या शब्दांत तक्रार क्वचितच येते. एनजिनएक्समध्ये प्रॉक्सी रीड टाइमआउट नावाची मुदत आहे. मागच्या सर्व्हरकडून दोन वाचनांच्या मध्ये किती वेळ काहीच आलं नाही तर कनेक्शन मेलं असं समजायचं, ते ती ठरवते. न सांगता ती साठ सेकंद असते. खिडकीवरच्या कारभारात साठ सेकंद उत्तर न येणं म्हणजे मागे काहीतरी बिघडलंय, हे अगदी खरं आहे. गप्पांमध्ये एक मिनिट कुणी काही न बोलणं हे रोजचंच. माणूस विचार करत असतो, चहा आणायला उठलेला असतो, किंवा नुसताच ऐकत असतो.

यावर एक तयार सल्ला सगळीकडे सापडतो: साठच्या जागी ८६,४०० घाला, म्हणजे पूर्ण दिवस. तक्रार थांबते. मला हा उपाय पटत नाही. त्याने सर्व्हरला गप्प माणूस आणि निघून गेलेला माणूस यांतला फरक कळायचा बंद होतो. फोन खिशात टाकून कुणी रेंजबाहेर गेलं तर कनेक्शन सांभाळणाऱ्या टीसीपी या खालच्या थराला ते आपोआप समजत नाही. निरोप घेणारं पाकीट पाठवायला फोन तिथे नसतोच. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, रिकाम्या कनेक्शनची चौकशी करायची सोय आहे, पण ती अ‍ॅप्लिकेशनने मागितली तरच चालते आणि तिची पहिली चौकशी ७,२०० सेकंदांनी होते. दोन तास. तेवढा वेळ गेलेला माणूस सर्व्हरच्या लेखी हजर.

वेबसॉकेटने याची सोय स्वतःच करून ठेवली आहे. पिंग नावाची इवलीशी चौकट पाठवायची, समोरच्याने पाँग म्हणायचं. त्यात बोलणं काही नसतं, फक्त 'आहेस ना?' आणि 'आहे'. दर तीस सेकंदांनी पिंग आणि एनजिनएक्सची ती मुदत त्याच्या तिप्पट-चौपट, असं मी ठेवते. म्हणजे एखादा पिंग वाटेत हरवला तरी कनेक्शन तुटत नाही, आणि माणूस खरंच गेला असेल तर दोन मिनिटांत कळतं. मोबाइल नेटवर्कमधली आणि घरातल्या राउटरमधली पत्त्यांची कोष्टकंही गप्प कनेक्शनं परस्पर पुसून टाकतात. पिंगमुळे ती जागी राहतात.

अशा गप्प कनेक्शनांची किंमत असते, हेही लक्षात ठेवायला हवं. प्रत्येक थांबलेल्या माणसामागे एनजिनएक्सला दोन जोडण्या धराव्या लागतात, एक ब्राउझरकडची आणि एक मागच्या अ‍ॅप्लिकेशनकडची. एका मशीनने दहा हजार जोडण्या एकाच वेळी कशा सांभाळायच्या, हा प्रश्न डॅन केगल यांनी १९९९ मध्ये नाव देऊन मांडला होता. इगोर सिसोएव यांचा एनजिनएक्स २००४ मध्ये बाहेर आला तो याच प्रश्नाचं उत्तर घेऊन: प्रत्येक जोडणीमागे वेगळी प्रक्रिया बसवायची नाही, मोजक्या प्रक्रियांनी हजारोंकडे लक्ष ठेवायचं. छोट्या गटाला दहा हजारांची चिंता नसते. तरी एका प्रक्रियेला उघडता येणाऱ्या फाइलींची मर्यादा बऱ्याच ठिकाणी १,०२४ च असते, तेवढी पाहून घ्यावी.

एनजिनएक्सची एक गोष्ट मला विशेष भावते. साइटची ओळख पटवणारं सुरक्षा-प्रमाणपत्र बदललं की त्याला रीलोड करावं लागतं. तेव्हा तो नवे कामगार, म्हणजे नव्या प्रक्रिया, उभे करतो, पण जुन्यांना हाकलत नाही. ज्याच्याकडे चालू कनेक्शनं आहेत तो जुना कामगार शेवटचं कनेक्शन सुटेपर्यंत थांबतो. साध्या वेबसाइटवर हे काही क्षणांत आटपतं. चॅटमध्ये कुणी टॅब दिवसभर उघडा ठेवला तर जुना कामगारही दिवसभर राहतो, आणि प्रक्रियांच्या यादीत 'बंद होत आहे' असं लिहिलेला दिसत राहतो. त्यासाठीही मुदत घालता येते. मी ती घालते, पण ऐसपैस.

प्रमाणपत्राचीही मुदतच. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र नव्वद दिवसांचं असतं आणि सर्टबॉट हा प्रोग्राम ते संपायच्या महिनाभर आधी नवं घेतो. पुढे या मुदती आणखी आखडणार आहेत: मार्च २०२९ पासून कुणाकडूनही घेतलेलं सार्वजनिक प्रमाणपत्र जास्तीत जास्त ४७ दिवस चालेल, असं ब्राउझरवाल्यांनी आणि प्रमाणपत्र देणाऱ्यांनी मिळून ठरवलं आहे. म्हणजे हाताने नूतनीकरण करणं आता सोडून दिलेलंच बरं.

इथवरच्या मुदती यंत्राच्या आहेत. पुढच्या माणसांच्या.

ज्या गटाने मला यावर खोलवर विचार करायला लावलं तो घरातल्या दीर्घ आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांचा आहे. कुणाची आई अंथरुणाला खिळलेली, कुणाचे वडील स्मृतिभ्रंशाने माणसं ओळखेनासे झालेले, कुणाचा नवरा पक्षाघातातून उठतो आहे. दिवसभर ही माणसं दुसऱ्याचं करत असतात आणि रात्री कुठेतरी बोलावंसं वाटतं. त्यांना स्वतःची जागा हवी होती, जिथे जाहिराती नसतील आणि कुणी तिसरा नसेल. त्यांच्यासाठी मी मेट्रिक्स बसवलं.

सिनॅप्सच्या कॉन्फिग फाइलमधली पहिलीच महत्त्वाची ओळ आहे सर्व्हरचं नाव. ते प्रत्येकाच्या ओळखीचा भाग होतं आणि नंतर बदलता येत नाही. बदलायचं म्हटलं तर सर्व्हर नव्याने उभा करावा लागतो. त्यामुळे नाव ठरवायला मी गटाला हवा तेवढा वेळ दिला. आजाराचं नाव पत्त्यात नको, असं एक जण म्हणाला, आणि ते सगळ्यांना लगेच पटलं. नावनोंदणी मुळात बंदच असते, ती तशीच ठेवली. नवा माणूस आधीच्या कुणाच्या ओळखीने येतो. बाहेरच्या सर्व्हरांशी जोडणी मात्र मुळात चालू असते. ती बंद केली, कारण दुसऱ्या सर्व्हरवर गेलेला संदेश तिथून पुसायची सक्ती आपण करू शकत नाही.

एलिमेंट वेबसॉकेट वापरत नाही, जुन्याच युक्तीने काम करतं. ब्राउझर विचारतो, 'नवीन काही?' सर्व्हर उत्तर न देता तीस सेकंद धरून ठेवतो. काही आलं तर लगेच देतो, नाही तर रिकामं उत्तर पाठवतो, आणि ब्राउझर पुन्हा विचारतो. साठ सेकंदांच्या आत ही फेरी संपत असल्यामुळे वरची गाठ इथे पडत नाही. फोटोंची पडते. सिनॅप्स ५० एमबीपर्यंतची फाइल घेतो, पण समोरचा एनजिनएक्स न सांगता १ एमबीच्या पुढे काही आत सोडत नाही, आणि फोनवरचा फोटो बहुतेक वेळा त्याहून मोठा. औषधाच्या चिठ्ठीचा फोटो जात नाही म्हणून या लोकांना किती त्रास होईल, हे डोळ्यासमोर आणलं की ही ओळ विसरत नाही. माणसाचा खरा आयपी पत्ता पुढे पाठवायची ओळही अशीच. ती नसेल तर सिनॅप्सला सगळे एकाच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात, आणि एकाने पुन्हा पुन्हा पासवर्ड चुकवला की पत्त्यावर बसणाऱ्या मर्यादेचा फटका सगळ्यांना बसतो.

मग हिरवा ठिपका. कोण आत्ता जागं आहे ते तो दाखवतो. ऑफिसमध्ये त्याचा उपयोग असेलही. इथे रात्री अडीचला ठिपका हिरवा दिसला तर सकाळी कुणीतरी मायेने विचारणार, 'रात्री जागी होतीस, बोलली का नाहीस?' त्या विचारण्याचंही ओझं होतं. गटाने ठिपका बंद करायला सांगितला. फाइलमध्ये तो एका ओळीत बंद होतो.

सर्व्हर सुरू करायच्या आधी मी सगळ्यांना एकदा एकत्र भेटले. गटातल्या सगळ्यांत मोठ्या काकूंनी हात वर केला.

"अगं, आम्ही इथे जे लिहू ते तुला वाचता येईल का?"

"हो काकू. डेटाबेस माझ्या हातात असतो, त्यामुळे वाचायचं म्हटलं तर वाचता येईल. एन्क्रिप्शन चालू केलं तर नाही वाचता येणार. पण कोण कधी बोललं, हे तरीही दिसेल."

"बरं. आणि किती दिवस राहतं ते?"

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मी त्यांच्याकडून थोडा वेळ मागून घेतला, कारण ते एका आकड्यात नव्हतंच. न सांगता सिनॅप्स संदेश कधीच काढत नाही, म्हणजे कायम. जुने संदेश आपोआप काढायची सोय आहे, पण ती बंद असते. चालू करावी लागते. समजा खोलीला तीस दिवसांची मुदत दिली. कुणी स्वतःचा संदेश आधीच काढला, तर पडद्यावरून तो लगेच जातो, पण मूळ मजकूर डेटाबेसमध्ये आणखी सात दिवस तसाच असतो. खोलीतलं लिखाण मुदतीने गेलं तरी त्यातले फोटो जात नाहीत, त्यांची मुदत वेगळी, आणि तीही मुळात कायम. कोण कुठल्या आयपीवरून आलं याची नोंद अठ्ठावीस दिवस. एनजिनएक्सचे लॉग, म्हणजे नोंदींच्या फाइली, डेबियन लिनक्सवर रोज नव्या सुरू होतात आणि जुन्या चौदा ठेवल्या जातात. आणि या सगळ्याच्या वर बॅकअप. रोजचा बॅकअप तीस दिवस ठेवला तर आज पुसलेलं वाक्य आणखी महिनाभर त्या फाइलींमध्ये राहतं. एकदा केलेलं लॉगिन कधी संपायचं? तेही कायम, आपण सांगितलं नाही तर. घरात फोन सगळ्यांच्या हातात फिरत असेल तर हे फार महत्त्वाचं आहे.

मी ही सगळी बेरीज कागदावर मांडली आणि पुढच्या भेटीत वाचून दाखवली. लोकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत, असं आमच्या क्षेत्रात सर्रास म्हणतात. मला ते कधीच पटलेलं नाही. या लोकांना दर आठ तासांची औषधं, दर दोन तासांनी कूस बदलणं, सलाइन किती मिनिटांत संपेल, हे सगळं तोंडपाठ असतं. मुदती त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतात. चर्चेला एकदम रंग आला. लॉक पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसतो का, हे तेव्हाच कुणीतरी विचारलं. शेजारी झोपलेल्या आजारी माणसाच्या नजरेला तो पडू शकतो. मग नोटिफिकेशनमध्ये मजकूर न दाखवता फक्त 'नवा संदेश' असं दिसावं, हे प्रत्येकाच्या फोनवर बसून एकेक करून केलं.

गप्पांच्या आठवणीचा प्रश्न नवा नाही, फक्त पूर्वी तो उलटा होता. १९७३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या प्लेटो या संगणक प्रणालीवर डग ब्राउन आणि डेव्हिड वूली यांनी टॉकोमॅटिक केलं. एका चॅनलवर पाच जण, आणि प्रत्येकाचं अक्षर टाइप होताक्षणी बाकीच्यांना दिसायचं, चुका आणि खोडाखोडीसकट. ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी लिहिलं. त्याच्या सर्व्हरला आठवण नाहीच. तुम्ही खोलीत नसताना जे बोललं गेलं ते तुमच्यासाठी झालंच नाही. लोक मग आपल्या जागी चोवीस तास हजर राहणारे प्रोग्राम बसवू लागले, कारण हुकलेलं बोलणं त्यांना सोसेना. आज वेबवरच्या चॅटमध्ये राहणं हे गृहीत असतं आणि जाणं हे मुद्दाम मागावं लागतं. लिहिणाऱ्यांनी चांगल्याच हेतूने ते उलटवलं. पण ऑफिसला जे सोयीचं ते मध्यरात्री मन मोकळं करणाऱ्यालाही सोयीचं असेलच, असं नाही.

गटाने दोन खोल्या केल्या. पहिली माहितीची: डॉक्टर, फिजिओथेरपी, बेडसोअर होऊ नयेत म्हणून काय करायचं, कुठली गादी चांगली. तिथे मुदत नाही आणि एन्क्रिप्शनही नाही, कारण नवीन आलेल्याला जुनं सगळं वाचता यायला हवं आणि शोधता यायला हवं. दुसरी खोली मन मोकळं करायची. तिथे एन्क्रिप्शन. मेट्रिक्समध्ये खोलीचं एन्क्रिप्शन एकदा चालू केलं की परत बंद करता येत नाही, तेव्हा तेही सगळ्यांना विचारूनच केलं. रिकव्हरी की (एन्क्रिप्ट केलेलं परत वाचायची किल्ली) काय असते आणि ती हरवली तर काय होतं, हे समजावण्यात बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. फोन बदलल्यावर जुनं वाचता आलं नाही की माणूस हवालदिल होतो. या खोलीची मुदत तीस दिवस ठरली. खोलीच्या सेटिंगमध्ये ती मिलिसेकंदांत लिहावी लागते: २,५९,२०,००,०००. शून्यं मोजत तो आकडा भरताना मला जाणवत होतं की याच्या एका बाजूला काही माणसांना निर्धास्तपणे रडता येणार आहे.

दुसऱ्या बाजूला काय असेल ते नंतर कळलं. गटातल्या एकीचे वडील गेले. शेवटच्या आठवड्यात ती रोज रात्री त्या खोलीत लिहीत होती आणि कुणी ना कुणी जागं राहून तिला उत्तर देत होतं. दिवसकार्य, कागदपत्रं, घर आवरणं यांत तिचे दोन महिने गेले. मग तिने मला फोन केला. त्या रात्रींचं सगळं तिला पुन्हा वाचायचं होतं. बाबांनी काय खाल्लं, काय म्हणाले, ते तिने दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सर्व्हरवर ते नव्हतं. तिच्या फोनमध्येही उरलं नव्हतं. बॅकअपच्या फाइलींमध्ये शेवटचे काही दिवस अजून होते, पण ते एन्क्रिप्ट केलेले. शिवाय तिच्या शब्दांबरोबर बाकीच्यांचेही. बॅकअप त्यासाठी उघडायचा की नाही, हे मी एकटीने ठरवायचं नव्हतं. तिच्या परवानगीने गटासमोर ठेवलं. त्या रात्री तिच्याशी बोललेल्या प्रत्येकाने होकार दिला. बाजूला एक वेगळा सर्व्हर उभा करून त्यावर बॅकअप उतरवला, तिच्या किल्ल्यांनी तिच्याच लॅपटॉपवर संदेश उलगडले, तिने स्वतः ते उतरवून घेतले, आणि तो सर्व्हर आम्ही पुसून टाकला. शेवटचे दिवस मिळालेच. सुरुवातीचे गेले ते गेले.

त्यानंतरच्या बैठकीत मुदत वाढवावी की नाही यावर बरंच बोलणं झालं. काकू तीस दिवसांवर ठाम होत्या. सुनेबद्दल रागाच्या भरात लिहिलेलं वर्षभर कुठेतरी पडून आहे, या विचाराने मला झोप लागणार नाही, असं त्या सरळ म्हणाल्या. वडील गेलेल्या मुलीला वर्ष हवं होतं. दोघींचंही बरोबर होतं, आणि दोघींना एकाच खोलीत सामावून घेणारा आकडा अस्तित्वातच नव्हता. शेवटी तिसरी खोली झाली, वर्षभराच्या मुदतीची, आणि कुठे काय लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. प्रत्येक खोलीच्या वर्णनात आता मुदत साध्या शब्दांत लिहिलेली असते, बॅकअपचे दिवस धरून. तीस दिवसांच्या खोलीत दर पंधरवड्याला एक छोटा बॉट आठवण करून देतो की ज्यांना स्वतःचं लिहिलेलं जवळ हवं असेल त्यांनी ते उतरवून घ्यावं.

फोटोंचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ते सर्व्हरवर कायम राहतात, आणि त्यांत आजारी माणसांचे चेहरे आहेत, ज्यांना कुणी विचारलेलं नाही. पुढच्या बैठकीत तोच विषय घेतला आहे. सिनॅप्समध्ये फोटोंची मुदत सर्व्हरवरच्या सगळ्या खोल्यांना मिळून एकच लागते, त्यामुळे माहितीच्या खोलीतल्या औषधांच्या चिठ्ठ्याही त्यात जातील. म्हणून त्या आधी कुठे हलवायच्या, याची यादी करायला दोघं जण लागले आहेत.